सगळ्यांसमोर, मराठीतून

नोएडाच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात आमचे मॅनेजर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "पुण्याची का तू? कुठल्या भागातली?" मला इतकं हायसं वाटलं की रडायचीच बाकी होते. चार दिवस 'हाँ जी, अच्छा जी' करून जीभ थकली होती. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "चला, आपलं माणूस आहे, आता काळजी नाही." तिने काळजी सोडली आणि थोड्याच दिवसांत मी सुरू केली.

सुरुवात केसांपासून झाली. मोकळे सोडलेस की छान दिसतेस. मग ड्रेस, मग कंबर. मग बायको पुण्यालाच असते, रविवारी फ्लॅटवर ये, पोहे करून घाल. हे बंद केबिनमध्ये नाही, भर फ्लोअरवर, दहा-बारा माणसांत, कालचा रिपोर्ट कुठे आहे असं विचारावं त्या आवाजात. मराठी कुणालाच कळत नव्हतं. लोकांना वाटायचं, दोघं गावाकडच्या गप्पा मारतायत. एक जण तर मला म्हणाला, "यार, तेरी तो लॉटरी लग गई, बॉस अपने शहर का मिला."

मी काय करायचे? हसायचे. त्याची आजही लाज वाटते, आणि लाज मला का वाटावी म्हणून संतापही येतो. सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं आणि कायम करायच्या कागदावर त्यांचीच सही लागणार होती. नोकरी गेली असती तर परत पुणे, आणि तिथे वडिलांनी बघून ठेवलेलं स्थळ. टेबलाशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर मी मुद्दाम बॅग ठेवायचे. ते बॅग उचलून स्वतःच्या मांडीवर घ्यायचे आणि बसायचे. दिवसभर मी पाणी कमी प्यायचे, कारण पॅन्ट्रीची वाट त्यांच्या केबिनवरून जायची.

माझ्या दुसऱ्या बाजूला दीदी बसायच्या. पन्नाशीच्या, आडनाव पंजाबी, सासर करोल बागेतलं. डब्यातला अर्धा पराठा माझ्या झाकणात टाकून म्हणायच्या, "खा ले, सूख गई है." एकदा त्यांना सगळं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्या पटकन कीबोर्डकडे वळल्या. मला वाटलं, कामात असतील.

पाचव्या महिन्यात, सोमवारच्या मीटिंगमध्ये मी स्क्रीनवर आकडे दाखवत होते. सगळी टीम समोर होती. ते खुर्चीत रेलून, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आज आत कुठल्या रंगाचं घातलंयस?" आकड्यांबद्दलच काही विचारलंय असं समजून सगळे माझ्या उत्तराची वाट बघायला लागले. मी काही धीट वगैरे नाही. पण त्या गंभीर चेहऱ्याने माझं डोकं फिरलं.

"सर पूछ रहे हैं," मी म्हणाले, "कि आज मैंने अंदर किस रंग का पहना है."

ते हसले. "आकडे जुने आहेत का, एवढंच मी विचारलं," ते हिंदीत सगळ्यांना म्हणाले, "हिची तब्येत ठीक दिसत नाही."

दुपारीच मी ऑफिसच्या महिला तक्रार समितीकडे तक्रार दिली. समितीतल्या बाई चांगल्या होत्या, पण प्रश्न सरळ होता: तुम्हारे अलावा समझा किसने? लेखी साहेबांनी कधी एक अक्षर ठेवलं नव्हतं. मीटिंगला होते त्यांना एकेक करून बोलावलं. प्रत्येकाचं तेच, आवाज सुना था, मतलब तो इसी ने बताया. खोटं कुणीच बोलत नव्हतं. आठ दिवस मला जेवण गेलं नाही. आईला सांगायचं तरी काय, तेही सुचत नव्हतं.

नवव्या दिवशी दीदींना बोलावलं. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये बसले होते. तासाभराने त्या बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "सगळं सांगितलं मी. केसांचं, रविवारचं, त्या दिवशीचं. जसं बोलले तसं."

मराठीत.

"मला समझतं," त्या म्हणाल्या. "बोलता नाही येत नीट. आई मराठी होती माझी. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही घरी मराठीच बोलायचो."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. आणि रडता रडताच मनात पाच महिन्यांचा हिशोब सुरू झाला. मी डोकं उचललं आणि विचारलं, "कधीपासून कळत होतं तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून," त्या म्हणाल्या. "घर में मैं अकेली कमाती हूँ, बेटा. डर गई थी."

महिन्याभरात साहेबांना जावं लागलं. माझ्या कागदावर दुसऱ्या कुणाचीतरी सही झाली आणि मी कायम झाले. आम्ही दोघी अजून शेजारीच बसतो. भीती म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. दीदी बोलल्या म्हणून मी वाचले, हेही मला पक्कं ठाऊक आहे. पण त्यांना थँक्यू म्हणायला माझी जीभ अजून वळलेली नाही.