फलकावरचा माझा फोटो

बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत चढली होती. तेवढ्यात शांताबाईंनी लेकीचा हात माझ्या हातातून ओढून घेतला. काच फुटली, माझ्या बोटात घुसली.

याच शांताबाईंच्या लग्नाचा चुडा मी भरला. तेव्हापासून मी त्यांचा भाऊ. मी मणियार, मोताळ्याहून बांगड्यांची पेटी घेऊन गावोगावच्या बाजारात बसतो. हात दाबल्याशिवाय बांगडी चढत नाही, हे बायकांना माहीत असतं.

"काऊन वो ताई?"

"पंचायतीत तुमचा फोटो लागला, भाऊ." त्यांनी मान वर केली नाही.

महिन्यापूर्वी सरपंचांनी माझा फोटो आणि सही घेतली होती. बाजारातल्या जागेसाठी असेल, असं समजून मी दिली. कागद वाचला नाही. चूक माझीच.

पेटी बंद करून मी पंचायतीत गेलो. ओसरीवरच्या फलकावर लिहिलं होतं, 'महिलांनी यांच्यापासून सावध राहावे.' खाली चार फोटो. मी, कल्हईवाला, आणखी दोन फिरते धंदेवाले. चौघंही बाहेरचे. एकाविरुद्धही कधी तक्रार नाही. फलकाखालीच सरपंचांचा पुतण्या खुर्ची टाकून बसला होता. शाळकरी पोरीवर हात टाकला म्हणून जेलमध्ये जाऊन आलेला. अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

"याचा फोटो कुठी हाय?" मी विचारलं.

सरपंच म्हणाले, "त्यानं सजा भोगली बे. अन् तो गावचा हाय. बायकाईचे हात धरनं तं तुहा धंदाच हाय."

सगळे हसले. पुतण्याही हसला. मला स्वतःच्या हातांची लाज वाटली. त्या लाजेचा राग मला अजून येतो.

मी बाहेर पडलो. मागोमाग पुतण्याने मोटरसायकल काढली. समोरून शांताबाई लेकीला घेऊन येत होत्या.

"चाल, घरी सोडतो," तो पोरीला म्हणाला. शांताबाईंनी तिला मागे बसू दिलं.

मी गाडीला आडवा झालो. "ताई, पोरीले उतरवा."

"त्याचा तं फोटो नाई न तेथी," त्या म्हणाल्या. पण आवाज खाली गेला होता. फुटल्या बांगडीचा ओरखडा पोरीच्या मनगटावर दिसत होता. शांताबाईंनी तेच मनगट धरून तिला खाली ओढलं.

तेव्हा मला कळलं, हा फलक कोणाला लपवायला लावलाय.

माझा गुन्हा काय ते लेखी द्या, असा अर्ज मी दिला आहे. उत्तर नाही. आता दर बाजाराला मी पेटी त्या फलकाखालीच मांडतो. उठवतात, परत बसतो. फोटो उतरेपर्यंत बसणार. आणि तो पुतण्या कोणा पोरीजवळ गाडी थांबवताना दिसला, की भर बाजारात त्याचं नाव घेणार.