मागं मेंढरं नसलेली गाडी

सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही दहा-बारा जण स्पर्धेसाठी एक छोटी रेसिंग गाडी बनवत होतो. स्टेअरिंगचं काम मी मागून घेतलं होतं. चाचणीत ते जमलं नाही तर तयार स्टेअरिंग बसवायचं आणि मी टीममधून बाहेर, असं आधीच ठरलं होतं.

स्टेअरिंग किती अंश फिरवल्यावर पुढची चाकं एक अंश वळतात, यावर सगळं असतं. जड गाडीत हा आकडा वीसच्या आसपास, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारमध्ये बारा-तेरा, आणि आमच्यासारख्या गाडीत पाच-सहा. आकडा मोठा असला की गाडी हळू वळते. मी दहा ठेवला. तो गणितानं काढला असं मला वाटत होतं. खरं तर तो माझ्या हातांनी काढला होता.

वडील आटपाडीच्या बाजारातून टेम्पोत मेंढरं भरून पार खंडाळ्यापर्यंत नेतात. मी त्याच टेम्पोवर गाडी शिकलो. मागं जनावरं उभी असतात. चाक झटक्यात फिरवलं की ती एकमेकांवर पडतात, एखाद्याचा पाय मोडतो. त्यामुळे चाक हळू फिरवणं म्हणजेच चांगलं, हे माझ्या हातात बसलं होतं.

चाचणीला गाडी चालवणारा मुलगा पाचगणीच्या शाळेत शिकलेला, स्वभावानं मोकळा. आखूड वळणावर त्याला हातावर हात टाकून चाक फिरवावं लागलं आणि कडेला ठेवलेले तीन प्लास्टिकचे कोन आडवे झाले. उतरून तो म्हणाला, "गड्या, ही रेसिंगची गाडी आहे की मेंढरांचा टेम्पो?"

त्याला माझ्या घरचं काही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. सगळे हसले. मीही हसलो.

बाहेर काढण्याआधी टीमनं मला शेवटचे आठ दिवस दिले. रविवारी घरी गेलो आणि वडिलांच्या शेजारी टेम्पोत बसलो. गाडीबद्दल जमेल तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मागं काय भरत्यात त्यात?"

"काही नाही. इंजिन असतं."

"मग एवढी घाई कशापायी?"

पुढं रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल पसरला होता. मला काही जाणवायच्या आत त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "चाक हातात हलकं झालं. टायर रस्ता सोडायच्या आदी हलकं हुतंय. तवाच पाय काढायचा."

हे मी पुस्तकात वाचलं होतं. वळलेलं टायर सरळ व्हायला बघतं, तो जोर हाताला लागतो, आणि टायर घसरायच्या आधी तो कमी होतो. पण ही गोष्ट स्पोर्ट्स कारची आहे, आमच्या टेम्पोची नाही, असं मी धरून चाललो होतो.

परत आल्यावर चाकांना वळवणारे दांडे आखूड केले. आकडा सहावर आला, पण स्टेअरिंग जड झालं. टीम म्हणाली, पुढची चाकं ज्या दांड्यावर वळतात त्याचा मागे झुकलेला कोन कमी कर, हलकं होईल. तसं केलं असतं तर टायर घसरायच्या आधी हाताला जे कळतं, तेच गेलं असतं. त्या वर्कशॉपमध्ये मी पहिल्यांदाच नको म्हणालो.

दुसऱ्या चाचणीला मैदानावर पाणी मारलं होतं. तो मुलगा न घसरता फेरी पूर्ण करून आला. म्हणाला, चाक हलकं झालं तेव्हाच त्यानं वेग कमी केला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे तुला कुणी सांगितलं रे?"

मी म्हणालो, "पुस्तकात आहे."

माझं स्टेअरिंग राहिलं. मीही राहिलो. संध्याकाळी होस्टेलच्या खोलीतून वडिलांना फोन केला. ते बाजारात होते. पोरं काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं. चांगलं म्हणाली, मी सांगितलं. त्यांच्या मागून मेंढरांचा आवाज येत होता. खोलीत आणखी दोघं बसले होते, म्हणून मी फोनचा आवाज कमी केला.