जळगावचा सूर्य

हस्तीमलशेठ कोणतीही वस्तू आधी ठोकून बघत आणि मगच तिच्याशी बोलायला लागत. जळगावच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. आयुष्य पितळेच्या सहवासात गेल्यामुळे उजव्या हाताच्या मधल्या बोटावर त्यांचा डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता. गंज ठोकत, घागर ठोकत, इथवर ठीक. पण ते कलिंगड ठोकत, दार ठोकत, नव्या सायकलचं मडगार्ड ठोकत. मी त्यांच्या दुकानावरची खोली भाड्याने घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या ट्रंकेवर टकटक केली आणि म्हणाले, "पुस्तकं आहेत. म्हणजे माणूस गरीब, पण भरीव." मी कॉलेजात मराठी शिकवत होतो. इतक्या थोडक्यात इतकी नेमकी समीक्षा पुन्हा माझ्या वाट्याला आली नाही.

दिसायला शेठजी त्यांच्याच दुकानातल्या एखाद्या मोठ्या हंड्यासारखे होते. अंगात बारा महिने काळा कोट. त्या कोटाच्या मधल्या बटणाची आणि काजाची ताटातूट शेठजींच्या लग्नानंतर लगेच झाली होती. दोघं समोरासमोर राहत, एकमेकांकडे बघत, पण भेट नाही. बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. घरात होती थोरली विधवा बहीण सुगनबाई आणि तिची मुलगी मंजू. बाजारात शेठजींशी भाव करायची कोणाची छाती नव्हती. घरात मात्र सुगनबाई बोलत आणि शेठजी "हो जीजी" म्हणत. त्यांचं आपसांतलं बोलणं मारवाडीत चाले. मी ते मराठीत सांगतो, त्यामुळे सुगनबाईंचा दरारा अर्धाच पोचेल याची कल्पना आहे.

त्या घराचा एक नियम होता. जैनांच्या पुष्कळ घरांत असतो, पण सुगनबाईंच्या घरात तो फारच जागा होता. सूर्य मावळला की अन्न बंद आणि पाणीही बंद, ते थेट दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. भिंतीवर पंचांग टांगलेलं होतं, त्यात जळगावचा सूर्यास्त छापलेला असे. सुगनबाई रोज पंचांग बघत आणि मग खिडकीतून सूर्याकडे बघत. सूर्याला उशीर झाला तर त्यालाच रागावतील असा चेहरा असे.

अशा घरात मंजू जन्मली आणि तिला नाचाचं वेड लागलं. मारवाड्याची पोर, पण अहिराणी गाणी अशी म्हणे की ओट्यावर बसलेल्या शेजारच्या पार्वताबाई भाजी निवडायची थांबत. एकाहत्तर साली आमच्या, म्हणजे तेव्हा पुणे विद्यापीठाच्या, नृत्यगायन पथकाला फिनलंडच्या एका उत्सवाचं बोलावणं आलं. एरवी अशा पथकात पुण्याचीच मुलं भरलेली असत. त्या वर्षी कोणाला तरी खान्देशची आठवण झाली आणि निवड धुळ्याला ठेवली गेली. मंजूला घेऊन मी आणि शेठजी एस.टी.ने धुळ्याला गेलो. तिचा नंबर आला तेव्हा दिवस कलला होता. शेठजी पडद्याआड डबा उघडून उभे. एक डोळा भाचीवर, एक डोळा पश्चिमेवर.

नाच गिरणा नदीवर पाणी भरायला जाणाऱ्या बायकांचा होता. शेवटी डोक्यावर घागर, घागरीवर कळशी, कळशीवर तांब्या घेऊन गिरक्या घ्यायच्या. भांडी शेठजींच्याच दुकानातली. बाकीच्या मुलींची भांडी धुळ्याच्या फरशीवर लोळत गेली, मंजूचा तांब्या हलला नाही. टाळ्या वाजल्या आणि त्या टाळ्यांच्या आत शेठजींची हाक आली, "मंजू, पळ! सूर्य चालला!" निवड झालेली मुलगी नमस्कार न करता आत पळाली आणि उभ्याने पोळी खायला लागली. परीक्षकांना वाटलं, पोरगी लाजली.

निवड झाली, पण पाठवणार कोण? सुगनबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. मीही पथकाबरोबर दुय्यम प्रमुख म्हणून जाणार होतो, म्हणजे मुलांचे पासपोर्ट सांभाळणार होतो.

"मास्तर, पोरगी जाईल. पण हस्ती बरोबर जाईल."

हे शेठजींनी आधीच जमवलं होतं. सामान सांभाळायला एक मदतनीस चालत होता, आणि तो तिकीट स्वतःचं काढणार म्हटल्यावर विद्यापीठाने त्याचं स्वागतच केलं.

"आणि सूर्य मावळल्यावर पोरीच्या पोटात पाण्याचा थेंब जाणार नाही," सुगनबाई म्हणाल्या.

"नाही जाणार, जीजी."

"कुठला सूर्य?"

शेठजी माझ्याकडे बघायला लागले. मी भूगोल शिकवत नव्हतो.

"मुंबईचा रतिलाल दरवेळी अंधारात जेवतो आणि म्हणतो, आमच्याकडे सूर्य उशिरा मावळतो. चुलतभाऊ आहे म्हणून मी ऐकून घेते. परदेशातला सूर्य तर मी पाहिलेलाही नाही. त्याचा काय भरवसा? आपला जळगावचा सूर्य धरायचा. मोडलंस, तर पोरीचा नाच बंद, कॉलेजही बंद. मी लगेच मुलगा बघायला लागेन."

"जळगावचा सूर्य, जीजी," शेठजी म्हणाले आणि भिंतीवरचं पंचांग काढून त्यांनी ट्रंकेत ठेवलं. त्याच ट्रंकेत खाकरे, शेव, दशम्या, चटण्या आणि पापड इतके भरले होते की विमानतळावरच्या शिपायाने तिच्यावर टकटक केली तेव्हा शेठजींना त्याच्याबद्दल व्यावसायिक आपुलकी वाटली.

आम्ही ज्या गावी पोचलो त्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. फार उत्तरेला होतं. पहिल्या संध्याकाळी शेठजी खिडकीशी उभे राहून सूर्यास्ताची वाट बघू लागले. सूर्य खाली येईना. तो क्षितिजाच्या वरून आडवाच चालत राहिला, भाव विचारून दुकानासमोरून फिरणारं पण आत न शिरणारं गिऱ्हाईक चालतं तसा.

"मास्तर, हा मावळतो कधी?"

मी यजमानांना विचारून आलो. "या आठवड्यात मावळत नाही म्हणतात."

शेठजींनी खिडकीची काच ठोकून पाहिली. काच खरी होती.

"जीजीला बरोबर कळलं होतं," ते म्हणाले. "याचा भरवसा नाही."

आमची सगळ्यांची घड्याळं तिकडच्या वेळेला लावली गेली. शेठजींचं मनगट जळगावातच राहिलं. हिशेब असा झाला की तिथे दुपारचे साडेतीन वाजले की जळगावात दिवस मावळे, आणि मामा-भाचीच्या तोंडाला कुलूप लागे. जळगावात उजाडे तेव्हा तिथे रात्रीचे अडीच वाजत. मग लख्ख उन्हात, सगळं पथक डोळ्यांवर पांघरूण ओढून झोपलेलं असताना, शेठजी मुलींच्या दारावर टकटक करत आणि मंजू डोळे चोळत बाहेर येऊन खाकरा खाई. त्यातून त्या देशात बटाट्याखेरीज काही उगवत नव्हतं, आणि जमिनीखालचा बटाटा या दोघांना चालत नव्हता. वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंना वाटलं, हा गोल गृहस्थ कसल्या तरी दुःखात आहे. त्या रोज संध्याकाळी सहा वाजता त्याच्यासाठी दूध आणि पाव घेऊन येत. शेठजी हात जोडून मनगटावरचं घड्याळ दाखवत. त्या स्वतःचं घड्याळ दाखवत. मग दोघं एकमेकांकडे कीव येऊन बघत.

तालमी दुपारी चारपासून, कार्यक्रम रात्री नऊला. म्हणजे मंजू नाचायची ती सगळी पाण्याच्या थेंबाशिवाय. चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी उत्सवाचा मुख्य कार्यक्रम होता, आणि त्यात आमचा नाच शेवटचा.

त्या दिवशी संध्याकाळी मैदानावर शेवटची तालीम चालली होती. मंजू गिरकीत शिरली, एक पाय चुकला आणि तांब्या, कळशी, घागर एकामागोमाग खाली आली. तांब्या गडगडत शेठजींच्या पायाशी येऊन थांबला. मंजू जमिनीवर बसली होती. ओठ पांढरे.

पथकाचे प्रमुख धुळ्याचे होते. तोंडाने कडक, मनाने घाबरट. ते म्हणाले, "हस्तीमलशेठ, ही मुलगी आज उभी राहणार नाही. मी तिच्या जागी दुसरी घेतो."

"सर, मी करेन," मंजू म्हणाली.

"डोक्यावर घागर घेऊन चक्कर आली तर मान मोडेल. तुझ्या आईला मी काय सांगू?"

आमचा ढोलकीवाला अभिमन धुळ्याच्या कॉलेजचा होता. तो चिडला की अहिराणीत येई, आणि सगळे जेवलेले असताना मंजू उपाशी म्हणून तो चिडला होता. "मामा, बठ्ठा जन जेवनात नि पोर उपाशी शे! सूर्य डोकावर शे, नि तुम्ही रात म्हनतस?"

"जीजीला शब्द दिलाय रे," शेठजी म्हणाले.

"जीजी जळगावले शे!"

"म्हणून तर," शेठजी म्हणाले.

ते खाली वाकले, घागर उचलली आणि सवयीने तिच्यावर बोट आपटलं. मग तसेच थांबले. भाचीकडे बघितलं. उभ्या जन्मात हजारो भांडी ठोकलेला माणूस. भरलेलं कुठलं आणि रिकामं कुठलं हे त्याला सांगावं लागत नव्हतं. ते तरातरा वसतिगृहाकडे गेले. जाताना मला म्हणाले, "मास्तर, तिला उन्हात आणून बसवा. भिंतीच्या सावलीत नको, उन्हात."

ते परत आले तेव्हा हातात ताट होतं. दशम्या, शेव, चटणी, आणि स्वयंपाकीणबाईंनी धावत आणून दिलेला दुधाचा मोठा पेला. सात वाजले होते. त्यांनी ताट मंजूच्या मांडीवर ठेवलं आणि तिचा तळहात उघडून उन्हात धरला.

"रेषा दिसतात?"

"दिसतात, मामाजी."

"ताटात हाताची सावली पडते?"

"पडते."

"मग दिवस आहे. खा."

"आणि बाईला काय सांगायचं?" बाई म्हणजे आई. मंजूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ती नाच बंद करेल."

"बाईशी मी बोलेन. खा."

"तुम्ही?"

"मला कुठे नाचायचंय?" असं म्हणून शेठजी तिच्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि ती जेवत होती तोवर ऊन अडणार नाही अशा बेताने आपला हंडा इकडून तिकडे हलवत राहिले.

रात्री नऊ वाजता, म्हणजे भर उन्हात, मंजू नाचली. धुळ्याला नाचली होती त्याहून चांगलं. तांब्या हलला नाही. शेवटची गिरकी झाली तेव्हा ती गोरी गंभीर माणसं बाकांवर उभी राहिली. नंतर काहीजण भांडी चिकटवलेली आहेत का हे बघायला आले. शेठजींनी एकेक भांडं सुटं करून ठोकून दाखवलं आणि प्रत्येकाला मराठीत सांगितलं, "पितळ."

परतीच्या वाटेवर मात्र त्यांनी एक शब्द काढला नाही. मॉस्कोपर्यंत ओठ हलत होते, मुंबईपर्यंत हलत होते. जीजीसमोर करायच्या भाषणाची तालीम चालली होती. गाडी संध्याकाळी जळगावला पोचली. घरी सुगनबाई दारातच उभ्या होत्या. आतून तुपाचा वास येत होता. मी दोघांच्या ट्रंका घेऊन मागे थांबलो.

तालीम वाया गेली. शेठजींनी चप्पलही काढली नाही. "जीजी, मी मोडलं. एक दिवस. पोरीचा दोष नाही, तिने विचारलं होतं. मीच खा म्हणालो."

सुगनबाईंनी मंजूकडे बघितलं नाही. "ऊन होतं?"

"होतं."

"सावली पडत होती?"

"हाताच्या रेषा दिसत होत्या, जीजी. पण जळगावात मावळला होता."

सुगनबाई भावाकडे बघायला लागल्या. चेहऱ्याकडे नाही, कोटाकडे. मीही बघितलं. इतक्या दिवसांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. कोटाचं मधलं बटण लागलेलं होतं.

"आणि तू?" त्या म्हणाल्या.

उत्तर मंजूने दिलं. "मामाजी एकही दिवस साडेतीननंतर काही जेवले नाहीत. त्या दिवशीसुद्धा. मी उन्हात जेवले आणि ते पाठ करून उभे राहिले."

"मी पोरीला बांधलं होतं," सुगनबाई म्हणाल्या. "तुला कोणी बांधलं होतं रे?"

"घरातल्या एकाने तरी जळगावचा सूर्य धरायला पाहिजे होता, जीजी."

सुगनबाईंनी पुढे होऊन भावाच्या छातीवर, बटणाच्या वर, मधल्या बोटाने टकटक केली. "रिकामा आवाज येतोय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाजही काही फार भरीव राहिला नव्हता. "चल, पाट मांडलेत."

शेठजींनी चप्पल काढली, हातपाय धुतले, पाटावर बसले आणि सवयीने खिडकीकडे बघितलं. या सगळ्या बोलण्यात जळगावचा सूर्य मावळून गेला होता. पुरणपोळ्यांनी भरलेलं ताट समोर, आणि तिघंही ताटाकडे बघत बसलेली.

सुगनबाईंनी भिंतीकडे बघितलं. पंचांगाच्या जागी नुसता खिळा होता.

"हस्ती," त्या हळूच म्हणाल्या, "तिकडे आत्ता ऊन असेल ना रे?"

"असेल, जीजी."

"मग आजच्या दिवस तिकडचाच धर."

शेठजी इतके हसले की बटण तुटून माझ्या पायाशी आलं. पण त्यांनी ताट सरकवलं. "सकाळपर्यंत काय होतंय मला? झाकून ठेव."

सकाळी उजाडल्या उजाडल्या मला खालून पितळेचा आवाज आला. मी जिन्यावरून डोकावलो. शेठजी पुरणपोळी खात होते, पण रात्रीची शिळी नव्हे. सुगनबाईंनी ती गाईला घालून ताजी केली होती. चौकात मंजू डोक्यावर तीन भांडी घेऊन फिरत होती. सुगनबाई उंबऱ्यावर बसून, दोन्ही हात पुढे धरून, तांब्या पडला तर झेलायच्या तयारीने बघत होत्या. मुलीचा नाच त्या पहिल्यांदाच बघत होत्या. आणि शेठजी डाव्या हाताने जेवणाचं ताट ठोकून ताल धरत होते.

"हस्ती, पुढच्या वर्षी पोरगी कुठे जाणार असेल तर जाऊ दे," सुगनबाई नजर न हलवता म्हणाल्या. "जिथला असेल तिथला सूर्य धरेल ती. पण तू घरी राहा."