सलीमनं मला विचारलं नाही

बीडहून फोन आला तेव्हा मी जिंकत होतो. समोर स्क्रीनवर परदेशातली चार माणसं होती, तीन वर्षांच्या कंत्राटावरून तासभर आमची ओढाताण चालली होती, आणि त्यांच्यातला टकला साहेब नुकताच खुर्चीत मागे रेलला होता. समोरचा असा मागे रेलला की समजायचं, आता हा उतरणार. अशा वेळी मी पाण्याचा घोटही घेत नाही. फोन थरथरला. शबानाचं नाव दिसलं, सलीमची धाकटी बहीण. मी फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा नुसता संदेश आला... ‘बाळूभाई, भाई गेले.’ मी उठून उभा राहिलो आणि साहेबाला म्हणालो, दहा मिनिटं द्या. त्याला वाटलं, हा बैठक मोडून चालला. तो घाईघाईनं म्हणाला, थांबा, तुमच्या अटी मान्य आहेत. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा मी असा जिंकलो, आणि तो पहिल्यांदा ज्याला सांगायचा, तो माणूस तासाभरापूर्वी हृदयविकारानं गेला होता.

याला पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहावं म्हणतात. मी चांगलंच लिहिणार आहे, कारण सलीमसारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण माझी त्याच्यावर बारा वर्षांपासून एक तक्रार आहे, आणि तो गेला म्हणून मी ती सोडणार नाही. सोडली असती तर तोच म्हणाला असता, “अबे, एवढ्यात थकलास?”

आमची ओळख बीडच्या कॉलेजातली. मी शिरूर कासार तालुक्यातल्या एका वाडीचा. आई-बाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे, मी मावशीकडे राहून शिकलो आणि सुट्टीत बाजारात सीताफळं विकली. सलीम बीड शहरातला, त्याच्या अब्बांचं नदीकाठच्या रस्त्यावर गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. आम्ही दोघं कॉम्प्युटरच्या वर्गात एका बाकावर बसलो, ते मास्तरांनी हजेरीच्या क्रमानं बसवलं म्हणून. पण दुपारी त्यानं मला गॅरेजच्या माडीवर नेलं, आणि तिथं जुन्या भागांतून त्यानं स्वतः जुळवलेला कॉम्प्युटर मी पाहिला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला! झाकण नव्हतं, आतला पंखा सायकलच्या तारेनं बांधलेला, आणि तरीही तो चालत होता. त्या माडीवर आम्ही तीन वर्षं काढली. खालून हातोडीचे ठोके यायचे, वर आम्ही प्रोग्राम लिहायचो, आणि एखादा चालला की दोघंही असे ओरडायचो की खालची गिऱ्हाइकं वर बघायची.

शेवटच्या वर्षी सगळी मुलं एकच विचारायची, नोकरी कुठं लागेल? सलीमनं अब्बांची कोरी जॉब कार्डं वर आणली. गॅरेजात गाडी आली की अब्बा आधी ते कार्ड भरायचे. तक्रार काय, आवाज कधी येतो, याआधी कुणी काय खोललं. ते भरल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, हा तिथला नियम होता. सलीमनं आम्हा प्रत्येकाच्या नावाचं एकेक कार्ड भरलं. “पयली नोकरी कोन्ती ते मला सांगू नको,” तो म्हणायचा, “तिसरी कोन्ती पायजे ते सांग. तिथून मागं येऊ.” आजकाल करिअरचा सल्ला देणारे तासाप्रमाणे पैसे घेतात. सलीमच्या या एका वाक्यावर आमच्या वर्गातली निम्मी मुलं आज कुठल्या कुठं आहेत. माझ्या कार्डावर तिसऱ्या नोकरीच्या जागी मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, मोठा प्रोग्रामर. तक्रारीच्या रकान्यात त्यानं लिहिलं, ‘चटकन तापतो.’ मी तापलो. तो म्हणाला, “बघ.”

पहिली नोकरी पुण्यात लागली. आमच्या वीस जणांच्या गटानं नऊ महिने खपून दवाखान्यांसाठी एक सॉफ्टवेअर बनवलं. ज्या दिवशी ते सुरू झालं त्या दिवशी पेढे वाटले, आणि आमचे साहेब हात झटकत म्हणाले, “चला, संपलं एकदाचं!” दुसऱ्या दिवशी सकाळी मी गळ्यातलं ओळखपत्र दारावरच्या चौकीदाराकडे दिलं, गादीची वळकटी बांधली आणि एसटीनं गावी आलो. मला कुणी काढलं नव्हतं. माझ्या घराण्यात काम संपल्यावर मागं थांबण्याची रीतच नव्हती. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी गावाकडं निघते. पुन्हा बोलावणं आलं तर जायचं. वडिलांनी दारातच विचारलं, “पट्टा पडला का?” मी म्हणालो, पडला. त्यांनी मान हलवली आणि वळकटी घरात नेऊन ठेवली. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सलीम अब्बांच्या मोटारसायकलवर वाडीत आला, आणि तिथून आईला मागं बसवून थेट शिरूरच्या बाजारात. मी तेव्हा आईसाठी शेळी घेत होतो.

“चल बे.”

“कुठं?”

“कामावर. तुझा साहेब मला फोन करून इचारतोय, पोरगं कावून, कशापायी गेलं, कुनी काय बोललं का त्याला.”

“काम संपलं की.”

“अबे येड्या, उसाचा एक फड संपला! कारखाना चालूच हाय. त्यांचा पट्टा कधीच पडत न्हाई!”

आई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, “आसं बी आसतंय व्हय? मग मान्सं घरी कवा येत्यात?”

“येतच न्हाईत मावशी,” सलीम म्हणाला, “त्योच तर त्यांचा रोग हाय.”

मी त्याला थांबवलं, कारण माझा हात शेळीवाल्या म्हाताऱ्याच्या रुमालाखाली होता. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं करत नाहीत, रुमालाखाली बोटं धरून करतात. म्हातारा दोनदा नाही म्हणाला, मी हसत राहिलो. शेवटी शेळी आली, गळ्यातलं दावं आलं आणि वर म्हाताऱ्यानं चहा पाजला. सलीम अर्धा तास टक लावून बघत होता. आई शेळी घेऊन टेम्पोनं वाडीला गेली, आम्ही दोघं मोटारसायकलवर बीडला निघालो. वाटेवर त्यानं विचारलं, “त्यो न्हाई म्हनत होता तवा तू भ्याला न्हाईस?” मी म्हणालो, “त्याचे पाय शेळीकडंच होते. जाणारा माणूस आधी पाय वळवतो.” यावर त्यानं नुसतीच गाडी दामटली. मला वाटलं, गाडीच्या आवाजात ऐकू आलं नसेल.

कामावर मला परत घेतलं, साहेब पोट धरून हसले, आणि पुढची सहा-सात वर्षं, मध्ये एकदा कंपनी बदलून, मी इमानानं प्रोग्राम लिहिले. मी वाईट नव्हतो. सांगितलं तेवढं नीट करायचो. सलीमचं मात्र वेगळं होतं, दुसऱ्याचा बिघडलेला प्रोग्राम तो नुसता वाचायचा आणि कुठं दुखतंय ते सांगायचा. तो मोठ्या कंपनीत वर चढत गेला. मग एक दिवस त्याच्याच गटात मोठ्या प्रोग्रामरची जागा निघाली. माझी तिसरी नोकरी! कार्डावर लिहिलेली! मी चार महिने अभ्यास केला. मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या, दोन्ही चांगल्या गेल्या. तिसरीला बोलावलंच नाही. त्याऐवजी पत्र आलं, की प्रोग्रामरची जागा देता येत नाही, पण गिऱ्हाइकांशी बोलणी करणाऱ्या विभागात या. चौकशी केली तेव्हा कळलं की सलीमचं मत मागवलं होतं, आणि त्यानं लेखी दिलं होतं, ‘याला प्रोग्राम लिहायला बसवू नका. बोलणी करायला बसवा. तुम्ही नाही बसवलंत तर दुसरं कुणीतरी बसवील.’

मी त्याच्या कंपनीच्या दारातल्या चहाच्या टपरीवर त्याला गाठलं, आणि भर गर्दीत जे बोललो ते इथं छापता येणार नाही. मला राग कशाचा होता? तो चूक होता याचा नाही. माझ्या आयुष्याचं जे ठरवायचं ते त्यानं माझ्याशी एक शब्द न बोलता ठरवलं, याचा होता. माझ्या आई-बापांनी जन्मभर तेच सोसलं. कुठल्या कारखान्याला जायचं, कुणाच्या फडात उतरायचं, सगळं दुसऱ्यानं ठरवायचं आणि ह्यांनी गाडीत बसायचं. मी शिकलो ते त्यातून सुटायला. सलीम ऐकत राहिला, चहा गार होऊ दिला, आणि एवढंच म्हणाला, “जागा घे. राग ठेव, पन जागा घे.”

मी घेतली. रागानंच घेतली. आणि पहिल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकासमोर बसलो तेव्हा... काय सांगू! माझे कान गरम झाले. समोरचा माणूस एक बोलत होता आणि त्याला दुसरंच पाहिजे होतं, आणि ते मला दिसत होतं, लख्ख! प्रोग्राम मला येत असल्यामुळं कुठलं काम खरंच अवघड आणि कुठलं नुसतं अवघड दाखवलंय, हेही कळत होतं. बाहेर आलो तेव्हा मला धावत सुटावंसं वाटत होतं. सहा-सात वर्षं मी दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून चाललो होतो. आज मी त्या विभागाचा प्रमुख आहे. सलीमचं बरोबर होतं. पण बरोबर असणं ही काही माफी नव्हे.

माफी मी दर वर्षी मागायला लावायचो. ईदला त्याच्या घरी गेलो की सुरुवातच तिथून. “माफी माग.” “माफी न्हाई, शीरखुर्मा हाय. घे.” “बरं, अर्धी माग.” “किलोवर भेटते व्हय बे?” हा एक सौदा मला बारा वर्षांत जमला नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं बीडजवळच्या पालीला धरणावर गेलो होतो. तो थोडा थकल्यासारखा वाटला, पण मी ते मनावर घेतलं नाही, याची मला आता चुटपुट लागलीय. मी म्हणालो, “माफी राहू दे. मला आधी कावून न्हाई इचारलंस, तेवढं तरी सांग.” तो पाण्याकडं बघत हसला. “फुडल्या खेपेला सांगतो. आत्ता सांगितलं तर तू यायचा बंद होशील.”

पुढली खेप आली नाही. मी पोहोचलो तेव्हा कबरीवर माती पडून गेली होती.

गेल्या आठवड्यात पुन्हा बीडला गेलो. वहिनी इद्दतीत, नवरा गेल्यावर बाईनं पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांतात, त्यामुळं पडद्याआडूनच सलाम झाला. शबानानं मला माडीवर नेलं. अब्बांनी एका भंगार जीपचं सीट लोखंडी पायांवर बसवून सलीमला खुर्ची करून दिली होती. गेली काही वर्षं तो घरून काम करायचा, तेव्हा तिच्यावरच बसायचा. महत्त्वाचा फोन आला की चपला काढून वर मांडी घालायचा. मी त्या खुर्चीवर बसलो नाही, बाजूच्या स्टुलावर बसलो.

शबाना एमएस्सी झालेली, लग्नानंतर अकरा वर्षं घरात होती. दोन वर्षं सलीमनं तिला सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामासाठी तयार केलं होतं. एका कंपनीनं दोन महिने तिच्याकडून काम करवून पाहिलं आणि आता घरूनच करायची नोकरी देऊ केली होती, पण शिकाऊ म्हणून. चार वाजता त्यांचा फोन येणार होता.

“बाळूभाई, तुम्हीच बोला ना माझ्याकडून. तुम्हाला जमतं.”

माझा हात पुढं झालाच होता. ‘दे इकडं’ हे शब्द जिभेवर आले होते... आणि मी हात मागं घेतला. “तुला काय पाहिजे?”

ती विचारात पडली. मग म्हणाली, “पगार आत्ता कमी असला तरी चालंल. शिकाऊ हा शब्द नको.” आणि हसली. “भाई म्हणायचे, बाळू आधी समोरच्याला इचारतो. मी म्हटलं, मग तुम्ही त्यांना कावून न्हाई इचारलं त्या वक्ती? तर म्हणाले, इचारलं असतं तर त्यानं माझ्याशीच घासाघीस केली असती. त्याच्या पुढं माझा निभाव लागला नसता, मी लिहून दिलं असतं की याला प्रोग्रामर करा.”

मी स्टुलावरून उठलो, खिडकीपाशी गेलो, परत आलो. हसत होतो की काय करत होतो ते मला माहीत नाही. म्हणजे हा माणूस मला घाबरला होता! बारा वर्षं मी ज्याच्याकडून हरलो असं समजत होतो, तो माझ्यासमोर बसायलाच तयार नव्हता. तरी मी म्हणतो, सलीम, तू विचारायला पाहिजे होतंस. मी तुला हरवलं असतं तर हरवलं असतं.

मग आम्ही सराव केला. मी कंपनी झालो. ती पहिल्याच झटक्यात हो म्हणाली. मी ओरडलो, “हो कशाला म्हणतेस!” दुसऱ्यांदाही हो म्हणाली. मी स्टुलावर हात आपटला. जिन्यातून वहिनींचा आवाज आला, “भाईसाब, जरा हळू. खाली गिऱ्हाईक वर बघायलेत.” चौथ्यांदा ती नाही म्हणाली, आणि अशी म्हणाली की कंपनी असून मीच दचकलो.

चारला फोन आला. शबाना त्या सीटवर बसली आणि शांतपणे म्हणाली, “माझं काम तुम्ही दोन महिने पाहिलंय. शिकाऊ म्हणून मी येणार नाही.” पलीकडून उत्तर आलं, विचारून सांगतो. फोन बंद झाला. परदेशी साहेबासमोर मी पाण्याचा घोटही घेत नाही, इथं अख्खा तांब्या संपवला. वीस मिनिटं गेली. पुन्हा वाजला. तिनं चपला काढल्या, सीटवर पाय घेऊन मांडी घातली, आणि मग उचलला. ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे झाले. फोनवर हात ठेवून ती कुजबुजली, “मान्य म्हणतायत! बाळूभाई, हो म्हणू?”

“मला कशाला विचारतेस?” मी म्हणालो.

ती त्या जीपच्या सीटवर जरा पुढं सरकली, आणि हो म्हणाली.