दगडूमामा आणि देवाचा घोडा

दगडूमामा गुरव नगरसेवकाला ‘अरे’ म्हणत आणि घोड्याला ‘अहो’. मी पहिल्यांदा गेले तेव्हा देवळामागच्या पागेतून आवाज आला, “अहो राजे, जरा पाय उचला, झाडायचं हाय.” आत कुणी वडीलधारं माणूस असेल असं समजून मी चपला काढून बाहेरच उभी राहिले. मग एका पांढऱ्या घोड्याच्या पोटाखालून वाकून मामा बाहेर आले. मला बघून म्हणाले, “डॉक्टर तूच का गं? चपला घाल की. हितं लीद हाय.”

कात्रजच्या बाजूचं ते गाव तेव्हा नुकतंच महापालिकेत आलं होतं. शेतांत इमारती उभ्या राहत होत्या. खंडोबाचं देऊळ आणि देवाला वाहिलेला घोडा मात्र होते तिथेच होते. मी सरकारी पशुवैद्यक, त्यातून पेठेत वाढलेली. पहिल्याच भेटीत अगं-तुगं करणाऱ्या माणसाचा मला खरं तर राग यायला हवा होता. तो आला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मामांनी मला बोलावलं होतं ते राजांच्या नाकातून पिवळा, चिकट स्राव येत होता म्हणून. नाकपुडीच्या आत बघितलं तर व्रण दिसले. ग्लँडर्सची शंका होती. घोड्यांचा हा रोग माणसालाही होतो आणि एकदा झाला की माणूस वाचणं कठीण. आणि त्या देवळातली रीत अशी, की दर रविवारी लोक भिजवलेले हरभरे आणत, पाटी राजांपुढे धरत आणि त्यांनी तोंड लावलं की उरलेले हरभरे प्रसाद म्हणून वाटत. बायका तान्ह्या मुलांनाही एखादा दाणा चुरून चाटवत.

“रक्त तपासायला पाठवते. अहवाल येईपर्यंत प्रसाद बंद ठेवा,” मी म्हटलं.

“मी ठिवीन,” मामा म्हणाले, “पर हरभरं लोकांचं आन् घोडा देवाचा. माझं काय हाय हितं? खरारा तेवढा माझा.”

हे त्यांचं नेहमीचं बोलणं होतं. जमिनीच्या वाटणीपासून पोरीच्या लग्नापर्यंत लोक काहीही विचारायला येत आणि मामा म्हणत, “मला नगं इचारू, त्यो आत बसलाय त्याला इचार.” मग देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवून ते कौल लावत. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या पाकळ्यांवर गावात सोयरिकी जुळल्या आणि मोडल्याही. मामांच्या हाताबद्दल कुणी कधी शंका घेतली नाही.

रक्ताचा अहवाल आला. ग्लँडर्सच होता. अशा घोड्यावर उपचार करायचे नाहीत, त्याला इंजेक्शन देऊन शांत करायचं आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, असा कायदा आहे. मी नोटीस घेऊन गेले तेव्हा देवळात निम्मं गाव जमलं होतं. पुढे नगरसेवक विलासशेठ.

“मालकाच्या नावानं नोटीस हाय न्हवं?” ते म्हणाले. “मालक गाभाऱ्यात हाय. द्या त्याला.”

“देऊ की,” मी म्हटलं. “पोच कोण देणार, तेवढं सांगा.”

कुणी हसलं नाही. विलासशेठ शांतपणे म्हणाले, “बाई, आज म्हनता घोडा मारा. उद्या म्हनाल तीर्थ पिऊ नका, भंडारा उधळू नका. आमच्या धर्मात कुठवर येनार तुमी? वेळ पडली तर आमी कोर्टात जाऊ.” त्यांचा मला संताप आला. पण ‘कुठवर’ हा प्रश्न माझाही होता. आमचंही कुलदैवत खंडोबाच.

शेवटी कुणीतरी म्हणालं, देवालाच विचारा. सगळ्यांना पटलं. मामांनी पाकळ्या लावल्या. मी कायद्याची माणूस, तरी हात जोडून उजव्या पाकळीकडे बघत उभी होते. डावी पडली. “येळकोट येळकोट” झाला आणि माझी नोटीस माझ्याच पिशवीत परत गेली. येत्या रविवारी प्रसाद वाटायचा हेही तिथेच ठरलं. माझ्या वरच्या साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, वातावरण निवळू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वारगेटला उतरून चालत आमच्या दवाखान्यात आले. बाकावर बसले. पाणी दिलं, ते तसंच हातात धरून ठेवलं.

“मी पहाटे पुन्यांदा कौल लावला,” ते म्हणाले. “एकटाच व्हतो. काल इचारलं, घोडा मारू का? न्हाई म्हनला. आज इचारलं, मानसं मेली तर चालतील का? त्यालाबी न्हाईच म्हनला. दोन्हीला न्हाई. मग ठरवायचं कुनी?”

मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले.

“मीच की. दुसरं कोन हाय? रविवारच्या आत कर काय ते.”

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, “मामा, मग गावाला सांगा ना, देवाने होकार दिला म्हणून. कुणी एक शब्द बोलणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “अगं, तुझ्या त्या रिपोर्टात तू आसं खोटं लिव्हशील का?”

शनिवारी पोलीस बंदोबस्तात आम्ही गेलो. मामांनी देवळाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं, “देव न्हाईच म्हनलाय. हे मी करतोय. शिव्या मला द्या.” लोकांनी दिल्या. एका म्हातारीने त्यांच्या अंगावर मूठभर माती फेकली. मामा हातमोजे घालून आणि तोंडाला फडकं बांधून पागेत आले, राजांच्या कपाळाला भंडारा लावला आणि मान धरून उभे राहिले. “अहो राजे,” एवढंच म्हणाले. मी इंजेक्शन दिलं. घोडा सावकाश गुडघ्यांवर बसला आणि मामाही त्याच्याबरोबर खाली बसले.

गावाने पूजा त्यांच्याकडून काढून पुतण्याला दिली. देवाचा कौल मोडणारा गुरव कोण ठेवील? पूर्वी प्रसाद खाल्लेल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, कुणालाही काही निघालं नाही. मला हायसं वाटलं. गावात मात्र त्याचा वेगळाच अर्थ लागला. कुणाला काही झालं नाही, म्हणजे घोड्याला रोग नव्हताच. बाईने आणि गुरवाने मिळून देवाचा घोडा उगाच मारला. मी मामांना भेटायला जायची तेव्हा ते बंद पागेजवळ बसलेले असत. कुणी सवयीने काही विचारायला आलंच तर म्हणत, “तुझं तूच ठरव बाबा. लई जड असतंय, पर ठरव.” त्यांना चूक झाली असं वाटतं का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “रोज वाटतं. आन् रोज वाटतं की पुन्यांदा तेच केलं आसतं.”

काही वर्षांनी ते गेले. अंत्यविधीला गाव आलं होतं, माणूस गेल्यावर लोक एवढं तरी सोडून देतात. परतताना विलासशेठ माझ्याजवळ आले. आवाजात जुना राग नव्हता, उलट समजूत घातल्यासारखं बोलले, “मानूस चांगला व्हता. पर खरं सांगा डॉक्टर, त्या टायमाला एक तरी मानूस मेलं का गावात?”

समोरून बायका पोरांना घेऊन घराकडे निघाल्या होत्या. त्यातल्या कितीतरी जणींना मी तेव्हा तपासणीच्या रांगांत पाहिलं होतं. सगळ्या धडधाकट होत्या.

“नाही,” मी म्हटलं. “एकही नाही.”

“मग?” असं म्हणून ते जिंकल्यासारखे मान हलवत पुढे गेले.