बांबूचं दुसरं टोक

धाकट्या डहाणूची माझी ही शेजारीण उंच उडीत देशाकडून खेळते. परदेशातून आली की दुसऱ्या दिवशी आईबरोबर बोंबील वाळत घालते. चालताना पुटपुटत पावलं मोजते. मध्येच हाक मारली तर मागे जाऊन पुन्हा एकपासून सुरू.

त्या वर्षी तिनं पदक आणलं. बायांनी हट्ट धरला, "उडून दाखव!" जुन्या जाळ्यांच्या ढिगापुढे मी आणि तिच्या आईनं उघड्या तळहातांवर बांबूची दोन टोकं धरली. ती धावत आली आणि पाठ बांबूकडे करून अलगद पलीकडे गेली.

"वर घ्या."

पुन्हा गेली. "अजून वर."

मला धास्ती वाटली. पदकवालीची गावासमोर शोभा व्हायला नको. ती उडाली तसं मी माझं टोक हळूच खाली घेतलं.

जाळ्यांतून उठली ती हसतच. "काकी, खाली घेतलास ना? वर धर."

या खेपेला तिचा पाय लागून बांबू पडला. ती केसांतली वाळू झाडत म्हणाली, "अगं, आमच्यात जिंकणारीपण शेवटी पाडूनच घरी येते. त्याशिवाय कळणार कसं, किती जमतं ते? आता तू ये."

माझं टोक तिनं धरलं, मी पदर खोचून धावले. मेलीनं बांबू तसूभरही खाली घेतला नाही.