दोन अधिक एक दोन

"उभी राहा. दोन अधिक एक किती?"

कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी उभी राहिले. वीस-बावीस वर्षांची घोडी मी, आणि बालवाडीतला प्रश्न.

"तीन," मी म्हटलं.

"बघा, येतं हिला! मग जगभर का विचारत सुटली?" सर म्हणाले. वर्ग खदाखदा हसला. सराफाचा मुलगा पहिल्या बाकावरून मागे वळला. "फी माफ, वर अक्कलही माफ," तो म्हणाला. सरांनी त्याला गप्प केलं नाही. तेही हसत होते.

ही जळगावातली गोष्ट, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. आम्ही बौद्ध. मूळचे धुळ्याकडचे, आई-वडील डाळ मिलमध्ये कामाला म्हणून जळगावात. मी सवलतीच्या जागेवर क्लासला होते आणि ते मला रोज कुणीतरी आठवण करून देई. पाणी प्यायला उठले तरी.

झालं असं होतं. मी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत एक साधा प्रोग्राम लिहिला होता. दोनात एक मिळवायचा आणि उत्तर दाखवायचं. उत्तर यायचं दोन. पुन्हा लिहिला, पुन्हा दोन. सरांना दाखवला तर त्यांनी मशीनकडे न बघताच सांगितलं, "नीट लिही." क्लासमध्ये इंटरनेट एकाच मशीनवर, सरांच्या टेबलावरच्या. देशभरातल्या प्रोग्रामरांची एक मेलिंग लिस्ट होती. तिथं एकानं ईमेलनं पत्र टाकलं की सगळ्यांना जायचं, ज्याला येई तो उत्तर द्यायचा. मी हट्ट धरला. सर वैतागून म्हणाले, "टाक बाई, टाक." मोडक्यातोडक्या इंग्रजीत मीच माझा प्रोग्राम आणि प्रश्न टाइप केला, खाली माझं नाव घातलं आणि सरांच्या पत्त्यावरून पाठवला.

उत्तरं आली, ढीगभर. सरांनी ती छापून आणली आणि मला उभं करून एकेक वाचली. रीड द मॅन्युअल. आधी पहिलीत नाव घाला. हिला इथं कुणी येऊ दिलं? एकानं लिहिलं होतं, बाई, स्वयंपाक येतो का? माझा प्रोग्राम कुणीही चालवून पाहिला नव्हता. एकानंही नाही. मोठमोठ्या कंपन्यांतली माणसं ती. हसायला वेळ होता त्यांच्याकडे.

"माझ्या पत्त्यावरून गेलंय हे," सर म्हणाले. "आत्ता बस आणि माफी लिही. मूर्ख प्रश्नाबद्दल क्षमस्व, एवढं लिही. नाहीतर उद्यापासून मशीनवर बसायचं नाही."

मशीन नाही म्हणजे शिक्षण नाही. आमच्या घरात रेडिओसुद्धा धड नव्हता, कॉम्प्युटर कुठून येणार? मी खुर्चीत बसले. बोटं कीबोर्डवर ठेवली. मागे सगळे उभे राहून बघत होते. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. मग मी उठले.

"माफी नाही लिहिणार, सर. उत्तर अजून आलेलं नाही."

एवढंच बोलले. बाहेर येऊन चपला घातल्या आणि चालू लागले. दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनवर दुसरंच कुणी होतं.

घरी आईनं तोंड बघूनच ओळखलं. "काय व्हयनं वं?" मी सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"बठ्ठा हासनात? मंग सांगं का कोन्ही, काय चुकनं ते?"

सगळे हसले, पण चूक कुणी सांगितली का? नाही, आई. कुणीच नाही.

पुढे धुळ्याला एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. टायपिंग मला येत होतं, दहावीनंतर जुन्या टाइपरायटरवर शिकले होते. त्या इन्स्टिट्यूटनं एक कॉम्प्युटर घेतला. टायपिंग शिकणाऱ्या आमच्या मुली त्यावर बसल्या, एकीनं बेरजेचा तसाच प्रोग्राम लिहिला आणि उत्तर आलं, दोन अधिक एक दोन. मी तिचा प्रोग्राम छापला. पडद्यावर कळत नव्हतं ते कागदावर दिसलं. एकाच्या जागी इंग्रजी छोटा एल होता, एकासारखाच दिसणारा.

आमच्या जुन्या टाइपरायटरवर एकाची कळच नसते. एक लिहायचा तर छोटा एल दाबायचा, तसंच शिकवतात. बोटांना तीच सवय. कॉम्प्युटर त्या एलला कुठल्या तरी आकड्याचं नाव समजतो आणि त्याची किंमत दिलेली नाही म्हणून शून्य धरतो; दोन अधिक शून्य, दोन. सराफाच्या मुलाकडून ही चूक होणारच नव्हती. त्याला पोटासाठी टायपिंग शिकावं लागलं नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला मठ्ठ समजत होते. त्या दिवशी खूप दमल्यासारखं झालं. आनंद वगैरे झाला नाही.

मग मी स्वतःच एक लिस्ट काढली. सायबर कॅफेत बसून, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून. नवशिक्यांसाठी. हळूहळू माणसं आली. पुण्याचा एक इंजिनिअर आला, फार हुशार. निम्मी उत्तरं तोच द्यायचा. एकदा यावलच्या, केळीच्या पट्ट्यातल्या एका बाईंनी विचारलं, फाइल सेव्ह केली ती गेली कुठे? त्यानं लिहिलं, "केळीच्या बागेत शोधा." खाली हसणाऱ्यांची रांग लागली.

मी त्याचं नाव काढून टाकलं. लोक माझ्यावरच तुटून पडले. गंमत होती ती, मन मोठं ठेवा, तो गेल्यावर उत्तरं कोण देणार? मी लिहिलं, मी देईन. येत नसेल तर शिकून देईन. त्याच्यामागे बरेच जण निघून गेले. यावलच्या बाईंना मी उत्तर पाठवलं, परत परत पत्रं पाठवली. त्यांचं एकही पत्र आलं नाही. त्यांनी ते मशीन पुन्हा उघडलं की नाही, मला माहीत नाही.

हे मला भरून काढता येणार नाही. म्हणून आता माझ्या लिस्टवर एकच नियम आहे. समोरच्यानं जे केलं ते आधी स्वतःच्या मशीनवर करून बघायचं, मगच तोंड उघडायचं. ज्याला हे जमत नाही तो कितीही हुशार असो, मी त्याला काढते. लिस्टवर मी एकटी उरले तरी काढणार.